होमस्टेची योजना आणि कुलूप लावलेली घरं

‘आदिवासी भागातल्या पर्यटन योजनांवर काम करायचंय, प्रश्न काय घेऊ?’ असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. सहसा मनात येतं ते ‘योजनेमुळे उत्पन्न वाढलं का?’ प्रश्न ठीक आहे. पण त्याआधी विचारा, यजमान होणं कोणाला शक्य आहे?

केंद्राचं ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान’ २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. त्यात ‘स्वदेश दर्शन’खाली १,००० आदिवासी होमस्टे आहेत: नव्या बांधकामाला ५ लाखांपर्यंत, दुरुस्तीला ३ लाखांपर्यंत आणि गावाच्या सामायिक गरजांसाठी ५ लाख.

आता नवी मुंबईतून निघून पनवेलच्या पुढच्या एखाद्या कातकरी वाडीवर या. बऱ्याच वाड्या दुसऱ्याच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा मिळाला तरी तो वारसाने पुढे जातो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. मग अनुदान कमी पडलं तर वरचे पैसे कशाच्या तारणावर उभे करायचे?

माझी चूक सांगते. मी पायलट सर्व्हे जानेवारीत ठेवला, कारण हवा छान असते (आणि गाइडना तारीख दिली होती!). वाडीवर निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे हिवाळी पर्यटनाच्या ऐन हंगामात यजमानच घरी नाही. मी मात्र एक्सेलमध्ये ‘प्रतिसाद नाही’ लिहून मोकळी झाले होते. तसंच विश्लेषण केलं असतं तर सगळ्यात गरीब घरं गळाली असती आणि सरासरी झकास दिसली असती. आकडेमोडीत एकही चूक नसताना!

म्हणूनच अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. तिथे महादेव कोळी कुटुंबांची स्वतःची शेती आहे, आणि काजवे बघायला लोक येतात ते मे-जूनमध्ये. ‘आदिवासी’ हा एकच व्हेरिएबल धरला की हा फरक पुसला जातो.

तेव्हा त्याच वाडीवर दोनदा जा, जानेवारीत आणि जुलैत. कुलूप दिसलं तर शेजाऱ्यांना विचारा, कुटुंब कुठे गेलंय, कधी येणार. त्या उत्तराला वेगळा कोड द्या. माझ्या जुन्या शीटमध्ये तो रकानाच नव्हता.