घाण्यापासून कादंबरीपर्यंत

१८७४ साली पुण्यात एक ‘हग्गादा’ छापला गेला. वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबं हे पुस्तक वाचून इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा सांगतात. पुण्याच्या या पुस्तकात हिब्रूबरोबर मराठी आहे आणि चित्रातल्या बायका लुगडी नेसून, जमिनीवर बसून बिनखमिराच्या रोट्या करताहेत.

हे पुस्तक होतं बेने इस्राएल समाजाचं. आपल्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि वाचलेल्यांपाशी धर्मग्रंथही उरले नाहीत, असं हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. पुढे कोकणात तेल गाळताना ते शनिवारी घाणा बंद ठेवत. गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. जो धर्म ग्रंथातून वाचायचा, तो बंद घाण्याने जपला. गावंही सुटली नाहीत. रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी ती आडनावात राहिली.

या समाजाच्या मलिद्याचं ताट पाहा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची आणि सोबत फळं. नवस फेडताना, लग्नाच्या आधी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने हिब्रू प्रार्थना म्हणून हा प्रसाद वाटतात. याच एलियाहूच्या रथाच्या खुणा अलिबागजवळ खंडाळे गावच्या खडकावर उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. मागे राहिलेल्या घरांचं, सिनेगॉगांचं काय, हा प्रश्न साहित्याने उचलला. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ (२००६) या इंग्रजी कादंबरीतली रेचल कोकणातल्या दांड्याला एकटी राहते. मुलं इस्राएलमध्ये; ती मात्र जुन्या सिनेगॉगची राखण करते आणि त्याच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांशी झगडते. प्रत्येक प्रकरण एखाद्या पाककृतीने सुरू होतं, कारण रेचलचा इतिहास तिच्या स्वयंपाकघरात आहे. या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीला रोहेकर यांनी ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ लिहिली ती हिंदीत.

मराठी बोलणाऱ्या समाजाच्या या कथा इंग्रजी-हिंदीतून आधी वाचाव्या लागतात, ही खंत आहे. इस्राएलमध्ये बेने इस्राएलांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. ते, पुण्याचा हग्गादा आणि एकोणिसाव्या शतकात या समाजाने मराठीत रचलेली कीर्तनं आपल्या विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमात यायला हवीत.