दुचाकी वाहनातील बॅटरी : विश्वसनीयता, परीक्षण आणि बदलण्याचा निर्णय

सारांश :
दुचाकीची बॅटरी अचानक बंद पडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक बॅटऱ्यांचा ऱ्हास अनेक महिने हळूहळू होत असतो आणि तो साध्या उपकरणाने मोजता येतो. प्रस्तुत लेखात शिसे-आम्ल बॅटरीचे कार्य, तिच्या ऱ्हासाची कारणे, विश्वसनीयता सिद्धांताच्या आधारे त्या ऱ्हासाचे स्वरूप, घरगुती परीक्षणाची पद्धत आणि जुन्या बॅटरीची विल्हेवाट यांचे विवेचन केले आहे. बॅटरी बदलण्याचा निर्णय अंदाजावर न घेता मोजमापावर घ्यावा, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : शिसे-आम्ल बॅटरी, सल्फेटीकरण, विश्वसनीयता, विभवांतर, शिसे प्रदूषण.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकांपैकी अनेकजण रोजच्या प्रवासासाठी दुचाकीवर अवलंबून आहेत. तालुक्याच्या गावी राहून वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावरील महाविद्यालयात जाणाऱ्यांच्या दृष्टीने तर वाहन सुरू न होणे म्हणजे पहिली तासिका बुडणे होय. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षकाचा असा विलंब केवळ गैरसोयीचा राहत नाही.

काही दशकांपूर्वी बॅटरीला इतके महत्त्व नव्हते. येझदी, राजदूत यांसारख्या मोटारसायकलींत सहा व्होल्टची बॅटरी असे. मॅग्नेटोवर ठिणगी मिळणाऱ्या वाहनांत बॅटरी उतरली तरी किक मारून इंजिन सुरू होई. फार तर हॉर्न वाजत नसे. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमुळे बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय सामान्य ग्राहकाच्या परिचयाची झाली. पुढे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच दिवा लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यावर बहुसंख्य नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण प्रणाली आली. या प्रणालीतील इंधन पंप, संवेदक आणि नियंत्रक यांना पुरेसे विभवांतर मिळाल्याशिवाय इंजिन चालत नाही. अनेक वाहनांतून किकही गेली. त्यामुळे पूर्वी सोयीची असलेली बॅटरी आता वाहनाचा अपरिहार्य घटक बनली आहे. तिच्याविषयीची आपली समज मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही.

२. बॅटरीची रचना व कार्य

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली लावला. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तिचे मूलतत्त्व तेच आहे. धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल अशी तिची रचना असते. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल अधिकाधिक पातळ होत जाते. चार्जिंग करताना ही क्रिया उलट दिशेने घडते. एका घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असते. असे सहा घट एकसरीत जोडले की आपण जिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो ती तयार होते.

शंभर ते दीडशे सीसी क्षमतेच्या दुचाकींत साधारणतः ३ ते ५ अँपिअर-तास धारकतेची बॅटरी असते. ही धारकता मोटारीच्या बॅटरीच्या तुलनेत फारच अल्प आहे. तिला चार्ज करण्याचे काम इंजिनला जोडलेला मॅग्नेटो आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर हे दोन घटक करतात. बॅटरी, मॅग्नेटो आणि रेग्युलेटर ही एकच साखळी आहे, हे लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळदा दोष एकाचा आणि बदली दुसऱ्याची असे घडते.

३. ऱ्हासाची कारणे

(अ) सल्फेटीकरण : बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत दीर्घकाळ राहिली, तर शिसे सल्फेटचे सूक्ष्म स्फटिक वाढून कठीण होतात. असे स्फटिक चार्जिंगने सहजासहजी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग निकामी होतो आणि धारकता घटते.

(आ) अपुरे चार्जिंग : 'सारखे सेल्फ मारल्याने बॅटरी जाते' असे म्हटले जाते. याचा हिशेब करून पाहावा. सेल्फ स्टार्टर ५० अँपिअर प्रवाह ३ सेकंद घेतो असे मानले, तर एकूण खर्च १५० अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.०४ अँपिअर-तास होतो. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जेमतेम एक टक्का आहे. बॅटरीला निव्वळ १ अँपिअर चार्जिंग मिळाल्यास ही तूट अडीच मिनिटांत, ऊर्जाहानी धरून तीन-चार मिनिटांत भरून निघते. मात्र घर ते महाविद्यालय अंतर एक किलोमीटर असेल, वाटेत इंजिन मंदगतीवर राहत असेल आणि दिवा सतत चालू असेल, तर ही तीन-चार मिनिटेही मिळत नाहीत. बॅटरी खरे तर सेल्फने मरत नाही, ती रोजच्या लहानशा थकबाकीने मरते.

(इ) उभे राहणे : इंजिन बंद असतानाही घड्याळ, सुरक्षा-घंटा किंवा मागाहून बसवलेले स्थानदर्शक उपकरण थोडा प्रवाह घेत असते. हा प्रवाह २ मिलिअँपिअर असल्यास ३० दिवसांत १.४४ अँपिअर-तास खर्च होतात. ५ मिलिअँपिअर असल्यास ३.६ अँपिअर-तास, म्हणजे ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा नव्वद टक्के साठा संपतो. यात बॅटरीचे स्वतःचे अंतर्गत विप्रभारण धरलेले नाही. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत जागेवर उभ्या राहिलेल्या वाहनांनी हा अनुभव घरोघरी दिला.

(ई) उष्णता : शिसे-आम्ल बॅटरीतील अनिष्ट रासायनिक क्रियांचा वेग तापमानात दर १० अंश सेल्सिअस वाढीमागे साधारणपणे दुप्पट होतो. धन पट्टीच्या जाळीचे क्षरण वाढते, पाणी उडते आणि अंतर्गत विप्रभारणही वाढते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. नेमका त्याच काळात अध्यापकांची सुट्टी असते आणि वाहन उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली उभे असते. उष्णता आणि स्थिरता हे दोन्ही शत्रू वर्षातून एकदा असे एकत्र येतात. जून महिन्यात महाविद्यालय उघडताच वाहन सुरू न होण्याचे रहस्य बहुधा या योगात दडलेले असते.

(उ) इतर कारणे : खराब रस्त्यांवरील हादऱ्यांमुळे पट्टीवरील सक्रिय द्रव्य गळते. रेग्युलेटर बिघडून विभवांतर वाढल्यास बॅटरी अतिचार्ज होऊन कोरडी पडते. अग्रांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षारही उपद्रवी ठरतो. त्याचा रोध केवळ ०.०२ ओहम असला, तरी ५० अँपिअर प्रवाहाला ओहमच्या नियमानुसार १ व्होल्टची घट होते. अशा वेळी बॅटरी चांगली असूनही सेल्फ फिरत नाही.

४. विश्वसनीयतेच्या दृष्टिकोनातून

विश्वसनीयता म्हणजे ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळापर्यंत एखादी वस्तू अपेक्षित कार्य करण्याची संभाव्यता. वस्तूच्या आयुष्यातील बिघाडांचा दर स्थूलमानाने तीन टप्प्यांत विभागला जातो : आरंभीचे निर्मितीदोष, मधल्या काळातील आकस्मिक बिघाड आणि अखेरीस झिजेमुळे होणारे बिघाड. यांचा आलेख स्नानपात्राच्या आकाराचा दिसतो. स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल यांनी १९५१ साली आपल्या प्रसिद्ध निबंधातून मांडलेल्या संभाव्यता वितरणात आकार-गुणांक १ पेक्षा कमी, १ इतका किंवा १ पेक्षा अधिक असणे हे अनुक्रमे या तीन टप्प्यांचे निदर्शक आहे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. बिघाड निव्वळ आकस्मिक असेल, तर चालू वस्तू आगाऊ बदलून काहीच लाभ नाही. नवी वस्तूही तितक्याच संभाव्यतेने बिघडेल. बिघाड झिजेमुळे होणार असेल, तर वेळीच केलेली बदली शहाणपणाची ठरते. बॅटरीचा बिघाड प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यामुळे आगाऊ बदलीला सैद्धांतिक आधार आहे. तथापि ती केवळ वयावरून करावी काय? दोन समवयस्क बॅटऱ्यांपैकी एक रोज तीस किलोमीटर धावणाऱ्या वाहनात असेल आणि दुसरी आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्या वाहनात असेल, तर त्यांची झीज समान असणार नाही. म्हणून वय ही केवळ सावधगिरीची सूचना मानावी. निर्णय अवस्थेवरून करावा.

५. परीक्षणाची पद्धत

यासाठी लागणारा मल्टिमीटर पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. परीक्षण तीन पायऱ्यांत करावे.

पहिली पायरी, विश्रांत विभवांतर : वाहन रात्रभर बंद ठेवून सकाळी अग्रांमधील विभवांतर मोजावे.
१२.६ ते १२.८ व्होल्ट – पूर्ण चार्ज
१२.४ व्होल्टच्या आसपास – सुमारे तीन-चतुर्थांश
१२.२ व्होल्टच्या आसपास – सुमारे निम्मी
१२.० व्होल्ट व त्याखाली – तातडीने चार्जिंग आवश्यक
बॅटरीच्या प्रकारानुसार या आकड्यांत किंचित फरक पडतो. विभवांतर १०.५ व्होल्टच्या आसपास अडून राहत असेल, तर सहापैकी एक घट निकामी झाल्याची शक्यता असते.

दुसरी पायरी, भाराखालील विभवांतर : सेल्फचे बटण दाबलेले असताना वाचन घ्यावे. पूर्ण चार्ज बॅटरीचे विभवांतर या वेळी साडेनऊ व्होल्टच्या खाली गेल्यास तिची ताकद संपत आली आहे असे समजावे. विश्रांत अवस्थेत चांगले वाचन देणारी बॅटरीही येथे उघडी पडते. म्हणून ही पायरी सर्वांत निर्णायक आहे.

तिसरी पायरी, चार्जिंगचे विभवांतर : इंजिन मध्यम गतीवर चालू ठेवून मोजल्यास ते साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असावे. ते १३ च्या खाली असेल तर दोष मॅग्नेटो, वायरिंग किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर संशयास्पद आहे. या दोन्ही स्थितींत नुसती बॅटरी बदलणे म्हणजे गळक्या टाकीत पुन्हा पाणी भरणे होय.

तिन्ही वाचने घेण्यापूर्वी अग्रे स्वच्छ करून घट्ट आवळावीत. दुसऱ्या पायरीत कमी वाचन आल्यास बॅटरी धारकतेच्या एक-दशांश प्रवाहाने, म्हणजे ४ अँपिअर-तासांसाठी ०.४ अँपिअरने, पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही वाचन न सुधारल्यास बदलीचा निर्णय निःशंकपणे घ्यावा.

६. बदलताना घ्यावयाची काळजी

नवी बॅटरी घेताना निर्मितीचा महिना पाहावा, कारण दुकानातील फळीवरही बॅटरीचे वय वाढतच असते. धारकता वाहन उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच असावी. आम्ल भरून वापरावयाची बॅटरी असल्यास पहिले चार्जिंग पूर्ण केल्याशिवाय ती वाहनात बसवू नये. घाईत वाचवलेले हे काही तास तिच्या आयुष्यातून वजा होतात. बॅटरी काढताना आधी ऋण अग्र व मग धन अग्र सोडवावे, बसवताना क्रम उलट ठेवावा. वाहनाची चौकट ऋण अग्राला जोडलेली असल्यामुळे या क्रमाने पाना चौकटीला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निर्माण होऊ शकत असल्याने ही काळजी अनाठायी नाही. साध्या बॅटरीत पातळी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल घालू नये. बंद प्रकारच्या बॅटरीचे झाकण उघडण्याचा प्रयत्न करू नये.

सुट्टीत वाहन महिनाभर उभे राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिचे ऋण अग्र सोडवून ठेवावे आणि वाहन सावलीत लावावे. इंजिन उभ्या-उभ्या पाच मिनिटे चालवण्याच्या प्रचलित उपायापेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक आहे, कारण मंदगतीवरील इंजिनाकडून मिळणारे चार्जिंग फार थोडे असते.

७. जुन्या बॅटरीचा प्रश्न

बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि हे शिसे पुन्हा वापरता येते. त्यामुळे मृत बॅटरीलाही किंमत असते. परंतु ते उघड्यावर वितळवले गेल्यास भयंकर परिणाम होतात. सेनेगल देशात डकार शहराजवळील थियारॉय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिसे काढण्याच्या उद्योगामुळे २००७-०८ मध्ये १८ मुलांचा मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाच्या संसर्गाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. बालकांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा होणारा परिणाम भरून निघत नाही, ही बाब शिक्षणक्षेत्रातील व्यक्तींना विशेष विचार करावयास लावणारी आहे.

भारतात या विषयावर प्रथम २००१ मध्ये नियम झाले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांची जागा घेतली. नव्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, तसेच वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता योग्य संकलकाकडे देण्याचे कर्तव्य ग्राहकावर आहे. भंगारवाल्याने दिलेले चार पैसे अधिक असले, तरी जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच परत करावी आणि तिची वजावट देयकात लिहून घ्यावी.

८. निष्कर्ष

१) इंधन-अंतःक्षेपण प्रणालीमुळे दुचाकीतील बॅटरी हा अपरिहार्य घटक झाला आहे.
२) बॅटरीचा बिघाड मुख्यतः झिजेच्या स्वरूपाचा असून अपुरे चार्जिंग, दीर्घकाळ उभे राहणे व उष्णता ही त्याची प्रमुख कारणे आहेत.
३) विश्रांत, भाराखालील व चार्जिंगचे अशा तीन वाचनांवरून बॅटरी सदोष आहे की चार्जिंग व्यवस्था, हे बहुतांशी ठरवता येते.
४) उन्हाळी सुट्टीपूर्वी व सुट्टीनंतर पदार्थविज्ञान विभागाने महाविद्यालयाच्या वाहनतळावर असे परीक्षण विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास ओहमचा नियम, विद्युत-रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा प्रत्यक्षाशी जोडलेला पाठ होईल; दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून स्थानिक हवामानातील बॅटरीच्या आयुष्याविषयी उपयुक्त माहितीही हाती येईल.
५) बदलीचा व्यवहार नवी बॅटरी बसवल्यावर नव्हे, तर जुनी योग्य हाती पोहोचल्यावर पूर्ण होतो.