फुप्फुसातील पहारेकरी

रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तातून फिरत असतात, एवढेच आपण सहसा ऐकलेले असते. पण त्यांतील काही एकेका अवयवातच वस्ती करून राहतात. फुप्फुसाच्या वायुकोशांतील भक्षकपेशी अशाच. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू गिळणे हे त्यांचे काम.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. भक्षकपेशी त्याला गिळते. परंतु तिच्या पोटातही तो जिवंत राहू शकतो. दुसऱ्या काही पेशी त्याची ओळख जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचवतात. तेथे तयार झालेल्या टी-पेशी फुप्फुसात येऊन इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे भक्षकपेशीचे बळ वाढते व जंतू कोंडला जातो. म्हणूनच लागण झालेल्या बहुतेकांना क्षयरोग होत नाही.

एचआयव्हीमुळे टी-पेशी नष्ट होतात. कुपोषण व मधुमेहाने प्रतिकारशक्ती दुबळी होते. मग कोंडलेला जंतू उसळतो. एकटी भक्षकपेशी अपुरी पडते, हा यातला मुख्य मुद्दा.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी, औषधे अर्धवट सोडू नयेत आणि क्षयरोग्याला दूर न लोटता सकस अन्न द्यावे.