‘हॅकर आहे बे!’

उन्हाळ्यात सोलापुरात गच्चीवर गाद्या पडतात आणि रात्री अकराच्या पुढे एखाद्या गच्चीवरून ओरडा येतो, ‘ए, हॅकर आहे बे तो!’ चार पोरं हेडफोन लावून बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ खेळत असतात. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत जो संघ टिकेल तो जिंकतो. आपला गडी झाडामागे लपलेला असताना कुणी लांबून नेमकी डोक्यात गोळी घातली, की हा लबाडीचा आरोप ठरलेला. असे बहुतेक आरोप टिकत नाहीत, हे दुसऱ्या एका खेळाच्या आकड्यांवरून दिसतं.

‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ साली ‘ओव्हरवॉच’ नावाची सोय केली. तक्रार झालेल्या सामन्याचं चित्रण जुन्याजाणत्या खेळाडूंना दाखवायचं, संशयिताचं नाव झाकायचं आणि निकाल त्यांच्याकडूनच घ्यायचा. थोडक्यात, खेळाडूंचीच पंचायत. कंपनीच्या जॉन मॅकडोनाल्ड यांनी २०१८ मध्ये तिचे आकडे जाहीरपणे मांडले. खेळाडूंच्या तक्रारींवरून आलेल्या प्रकरणांत दोषी ठरण्याचं प्रमाण जेमतेम १५ ते ३० टक्के होतं.

इतके आरोप फसतात कसे? हरल्याचा राग हे एक कारण, पण दुसरं तांत्रिक आहे. फोनवरून सर्व्हरपर्यंत माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. या उशिरामुळे समोरच्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावरच असता, आणि सर्व्हर त्याने पाहिलेलं दृश्य ग्राह्य धरतो. सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू १५० मिलिसेकंदांच्या पिंगमध्ये ९० सेंटीमीटर पुढे जातो. तेवढ्यात तुमच्या स्क्रीनवर तुम्ही भिंतीआड पोचलेले असता आणि तिथेच मरून पडता. लबाडी कुणीच केलेली नसते.

खरा लबाड ओळखायचा तर त्याच्या नेमापेक्षा त्याला काय ठाऊक आहे, ते बघावं लागतं. सर्व्हर तुमच्या यंत्राला आसपासच्या शत्रूंच्या जागा कळवत असतो. पडद्यावर त्या दिसत नसल्या तरी यंत्राच्या मेमरीत असतात. तिथून त्या उचलून भिंतीपलीकडची माणसं दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ‘वॉलहॅक’. तो वापरणारा नेमका इथेच सापडतो. त्याची बंदूक बंद भिंतीवर रोखलेली असते आणि पलीकडचा माणूस सरकेल तशी तीही सरकते. पावलांचा आवाज नसताना तो योग्य खोलीकडे वळतो. रिकाम्या कोपऱ्यात डोकावून बघायची तसदी घेत नाही, कारण तो रिकामा आहे हे त्याला माहीत असतं. म्हणून एका गोळीवरून निवाडा करू नये. मेल्यावर लगेच बाहेर न पडता त्याच खेळाडूच्या पुढच्या दोन-तीन चकमकी बघत बसावं. चांगला खेळाडू मधूनमधून चुकीच्या बाजूला बघतो. लबाडाच्या हातून ती चूक होत नाही.

नेम धरून देणारा ‘एमबॉट’ त्या मानाने ढोबळ. त्यात भारताचं नाव जगभर गाजलं ते १९ ऑक्टोबर २०१८ ला, शांघायमध्ये. ‘एक्स्ट्रीम्सलँड’ या आशियाई स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा संघ व्हिएतनामच्या रेव्होल्यूशनशी काउंटर-स्ट्राइक खेळत होता. ‘फोरसेकन’ या नावाने खेळणाऱ्या भारतीय खेळाडूच्या बंदुकीचा नेम मध्येच हिसका बसल्यासारखा शत्रूच्या अंगावर जाऊन चिकटत होता. सामना थांबवून पंच त्याच्या संगणकापाशी आले, तेव्हा त्याने घाईघाईने काहीतरी बंद करायची धडपड केली. सापडलेल्या फाइलचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. म्हणजे बक्षिसाच्या स्पर्धेत, पंचांच्या नाकासमोर, हा गृहस्थ जणू अर्ज टाइप करत बसला होता! संघ बाद झाला, ऑप्टिकने तो मोडीतच काढला आणि खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. सोबतच्या चौघांना मात्र काही चूक नसताना घरी परतावं लागलं.

प्रत्येक सामन्याला असा पंच कुठून आणणार? म्हणून व्हॉल्व्हने ‘व्हॅकनेट’ हा शिकणारा प्रोग्राम उभा केला. गोळी सुटण्याच्या किंचित आधी आणि नंतर नेम कसा हलला, हे तो तपासायचा आणि संशयास्पद प्रकरणं पंचायतीकडे पाठवायचा. मॅकडोनाल्ड यांच्या म्हणण्यानुसार त्याने पाठवलेल्या प्रकरणांत ८० ते ९५ टक्के दोषी ठरत होते.

काहींनी वेगळी वाट धरली. मुंबईतही सर्व्हर असलेल्या ‘व्हॅलोरंट’मध्ये शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा तुमच्या यंत्राला कळवलीच जात नाही. जे मेमरीत नाही ते चोरणार काय? ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाल्यांनी २०२३ मध्ये सरळ सापळाच लावला. मैदानात बनावट खेळाडू सोडायचे. प्रामाणिक माणसाला ते दिसतच नाहीत, पण लबाडाच्या प्रोग्रामला खरे वाटतात. मोकळ्या हवेत गोळ्या झाडणारा आपोआप हाती लागतो. या सगळ्या उपायांत हा सर्वांत झकास म्हणायला हवा.

बीजीएमआय चालवणारी क्राफ्टन मुख्यतः धडाधड बंदीवर भर देते. २०२१ मध्ये १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात तिने २५ लाखांहून जास्त खाती कायमची बंद केली. पण नवं खातं उघडायला पैसा लागत नाही, म्हणून त्याच डिसेंबरपासून खात्याबरोबर फोनवरही बंदी घालायला सुरुवात झाली. असा फोन मालकाने विकला, तरी बंदी फोनसोबतच जाते. तेव्हा गेमसाठी जुना मोबाइल घेणाऱ्याने बॅटरी आणि स्क्रीन तपासून झाली, की दुकानातच बीजीएमआय उघडून एक डाव खेळून बघावा आणि मगच पैसे मोजावेत.