जुना छोटा फ्रिज आणि २५ लिटरची बादली : अमेरिकेतली लोकं घरच्या बिअरचं तापमान असं सांभाळतात

थंडीत दही लागत नाही म्हणून आई विरजणाचं भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवते. मे महिन्यात मात्र तेच विरजण दुपारी फ्रिजमध्ये सरकवायचं विसरलं, की संध्याकाळी थेट कढी करावी लागते. दूध तेच, विरजण तेच, भांडंही तेच. मग बदललं काय?

तर फक्त तापमान.

अमेरिकेत घरी बिअर बनवणारे हौशी लोक नेमके याच प्रश्नाशी झगडत असतात. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे हॉस्टेलच्या खोलीत असतो तसला कमरेएवढा जुना फ्रिज. तो स्वस्तात घ्यायचा, आतली फळ्या-खणांची गर्दी काढायची आणि बिअर आंबवायची बादली आत बसवायची.

ऐकायला एकदम सोपं वाटतं. पण यात फ्रिज मरू शकतो, बिअर बिघडू शकते आणि चुकीच्या जागी ड्रिल मारलं तर आगही लागू शकते. म्हणून विषय नीट समजून घेऊ.

आधी कायद्याचं बोलू

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण घरची बिअर मात्र राहून गेली. पुढं १४ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि तो रस्ता मोकळा झाला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. अट एकच, विकायची नाही. तरी काही राज्यांनी वेळ घेतला. मिसिसिपी आणि अलाबामाने तर थेट २०१३ मध्ये परवानगी दिली.

आपल्याकडं गोष्ट वेगळी आहे. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार लायसन्स नसताना दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्यात बिअरही आली. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे करून बघायच्या भानगडीत पडू नका. वाचायला मात्र कुणाची हरकत नाही.

यीस्ट काम करतं आणि तापतं

बिअर म्हणजे ढोबळमानाने मोड आणलेल्या बार्लीचं गोड पाणी. त्यात हॉप्सची फुलं उकळायची, गार करायचं आणि यीस्ट टाकायचं. यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं.

पण तिसरी एक गोष्टही तयार होते, ती म्हणजे उष्णता.

घरी बिअर बनवणाऱ्यांचा एक घाणा साधारण १९ लिटरचा असतो. नेहमीच्या ताकदीच्या बिअरचा हिशेब मांडला, तर त्यातून निघणारी सगळी उष्णता आतच कोंडली गेल्यास द्रव जवळजवळ १० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेर निघून जाते. तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश जास्त असणं नेहमीचंच. म्हणजे खोलीत २२ अंश असले की आत २६.

एल प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. लागर बिअरला ८ ते १३. त्याच्या वर गेलं की यीस्ट घाईघाईत काम उरकतं आणि नको ते पदार्थ जास्त बनवतं. बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास येतो, घशाला जळजळीत लागते. उलट फार गार झालं तर यीस्ट झोपी जातं आणि साखर तशीच राहते.

वाईट म्हणजे पहिल्या तीन दिवसांत बिघडलेली चव नंतर कितीही गार केलं तरी सुधारत नाही.

मशीनच्या आधी काय करायचे?

तेव्हा ऋतू बघायचे. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर गाळायलाच बंदी घातली गेली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची.

पुढं १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे या इंजिनिअरने थंडावा तयार करणाऱ्या मशीनवर काम सुरू केलं. त्याला प्रयोगाला जागा कुणी दिली? म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीच्या गॅब्रिएल सेडलमायर यांनी. कारण बर्फ साठवून साठवून ब्रुअरीवाले वैतागले होते. म्हणजे आज घराघरात दूध-भाजी सांभाळणाऱ्या यंत्राचे सुरुवातीचे मोठे गिऱ्हाईक बिअरवालेच होते. अमेरिकेतला हौशी माणूस फ्रिजमध्ये बादली ठेवतो तेव्हा तो फ्रिजला त्याचं जुनंच काम परत देत असतो.

बादली आत बसवायची कशी?

पहिली अडचण जागेची. १९ लिटर बिअरसाठी साधारण २५ लिटरची बादली लागते, कारण वर फेस यायला मोकळी जागा हवी. छोट्या फ्रिजच्या तळाशी मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, तो नेमका आडवा येतो. म्हणून जाणकार लोक फ्रिज विकत घेण्याआधी बादलीच्या मापाचा पुठ्ठा कापून नेतात आणि दार लागतंय का ते बघतात. बादलीच्या झाकणावरची हवा सोडणारी नळीसुद्धा मापात धरावी लागते.

दारातले बाटल्यांचे कप्पे बऱ्याचदा काढता येतात. ते काढून दार आतून सपाट केलं की तीन-चार इंच मिळतात. तरीही बसत नसेल तर दार सोडवून लाकडी चौकट लावतात, तिला आतून थर्माकोलसारखा फोम बसवतात आणि त्या चौकटीवर परत दार. फ्रिजला जणू पोट सुटतं.

दुसरी अडचण बर्फाच्या खणाची. बऱ्याच छोट्या फ्रिजमध्ये तो खण म्हणजेच थंडावा देणारा भाग असतो. त्यातून गॅस फिरतो. तो खण नुसता काढून टाकता येत नाही. काही लोक तो हळूहळू वाकवून मागच्या भिंतीला टेकवतात, पण नळीला एक घडी पडली किंवा चीर गेली की गॅस निघून जातो आणि फ्रिज भंगारात.

आणि आता धोक्याची गोष्ट. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. हा म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊच. तो पेट घेतो. बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या भिंतीतही गॅसच्या नळ्या लपलेल्या असतात. त्यामुळं वायर आत घेण्यासाठी भिंतीत अंदाजाने ड्रिल मारणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यातल्या त्यात शहाणे लोक भोक पाडतच नाहीत. सेन्सरची बारीक वायर दाराच्या रबरातून सहज आत जाते.

खरी मेख सेन्सरच्या जागेत

फ्रिजचं स्वतःचं बटण १ ते ७ अंशांच्या आसपास चालतं. यीस्टला हवेत १८. म्हणून बाहेरून एक तापमान नियंत्रक लावतात. फ्रिजची पिन त्याच्यात, त्याची पिन भिंतीत. सेन्सरला १८ च्या वर वाटलं की तो फ्रिज चालू करतो, खाली आलं की बंद. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच परत चालू होऊ नये म्हणून त्यात तीनेक मिनिटांची सक्तीची विश्रांती ठेवतात. नाहीतर कॉम्प्रेसर जळतो.

नवशिका माणूस इथंच फसतो. तो सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवतो. हवा दोन मिनिटांत गार होते, १९ लिटर द्रवाला मात्र तासन् तास लागतात. आकडा दिसतो १८, बादलीच्या आत असतात २२. फ्रिज आपला गार हवा फुंकून खूश आणि यीस्ट तापाने फणफणलेलं.

उपाय फुकटातला आहे. सेन्सर बादलीला बाहेरून चिकटवायचा, द्रवाच्या पातळीच्या खाली, आणि वरून फोमचा तुकडा लावून घट्ट बांधायचा. आता त्याला हवा नाही, बिअर कळते. थंडीच्या प्रदेशात नियंत्रकाच्या दुसऱ्या सॉकेटला बादलीभोवतीचा ऊब देणारा पट्टा लावतात. म्हणजे आईचा टॉवेल, फक्त विजेवरचा.

फक्त तो सेन्सर निसटून बाहेर पडायला नको. बाहेरच्या २५ अंशांवर त्याचा विश्वास बसला तर फ्रिज गरजेपेक्षा जास्त चालत राहील आणि बादली नको तेवढी गार होईल.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

एका घाण्यातून शेकडो लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळं झाकण कधीच गच्च बंद करत नाहीत. नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवतात. गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. शेवटी बिअर गार करताना मात्र आतला वायू आकसतो आणि तेच पाणी बिअरमध्ये ओढलं जातं, म्हणून आधी ती नळी काढावी लागते. लहान बंद खोलीत खिडकी उघडी ठेवतात. आणि बंद फ्रिजमध्ये ओल धरून बुरशी येते, म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतात आणि दर घाण्यानंतर फ्रिज पुसून घेतात.

एवढं सगळं करून मिळतं काय? तर पाहिजे तेवढं तापमान, पाहिजे तेवढे दिवस. बाकी सगळं यीस्टच करतं.

म्हणून पुढच्या वेळी आईने विरजणाला हात लावून "अजून कोमट आहे, राहू दे" असं म्हटलं, तर हसू नका. ती भांड्याला हात लावते, खोलीच्या हवेला नाही. अमेरिकेतल्या नवशिक्याला हीच गोष्ट एक अख्खा घाणा वाया घालवल्यावर कळते.