फोर-एचच्या रेंजवर शिकवायचं असेल तर

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं फोर-एच क्लबात जातात ती बहुधा रोबोटिक्ससाठी, नाहीतर ससे-कोंबड्या पाळायच्या हौसेनं. मग एखाद्या दिवशी पोर घरी येऊन सांगते, मला एअर रायफल शिकायचीय. कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिंकलेलं कांस्यपदक टीव्हीवर पाहून टाळ्या वाजवणं वेगळं आणि आपल्या दहा वर्षांच्या मुलीच्या हाती रायफल देणं वेगळं. पालक दचकतात, आणि ते साहजिकच आहे. अशा दचकणाऱ्या पालकांनी स्वतःच प्रशिक्षक व्हावं असं मला मनापासून वाटतं. सुरक्षिततेची काळजी ज्यांच्या अंगातच आहे, अशीच माणसं रेंजवर हवी असतात.

फोर-एच ही मुलांची संघटना तिथल्या कृषी विद्यापीठांच्या विस्तार सेवेमार्फत चालते. या सेवेला कायद्याचा पाया मिळाला तो १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ हे ते चार एच. नेमबाजी हा तिच्या अनेक उपक्रमांपैकी एक. त्यात रायफल, पिस्तूल, शॉटगन, तिरंदाजी, जुन्या धाटणीच्या तोंडाकडून ठासायच्या बंदुका आणि शिकार-वन्यजीव असे विभाग आहेत. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बिनपगारी. पण प्रमाणपत्राशिवाय कुणालाही मुलांना शिकवायला उभं राहता येत नाही, आणि प्रमाणपत्र विभागवार मिळतं. रायफलचं असेल तर तिरंदाजी शिकवता येत नाही.

सुरुवात होते काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात. आधी फोर-एचचा साधा स्वयंसेवक म्हणून अर्ज करायचा, ओळखीच्यांची नावं द्यायची, पार्श्वभूमी तपासणीला संमती द्यायची आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण पुरं करायचं. कुठल्याही मुलासोबत एकटं राहायचं नाही, आसपास दुसरी मोठी व्यक्ती हवीच, हा नियम तिथं पहिल्यांदा कानावर पडतो आणि पुढे कायम पाळावा लागतो. मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी बहुतेक राज्यांत वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. किशोरवयीन मुलं मदतनीस म्हणून शिकू शकतात.

व्हिसाचा मुद्दा इथंच बघून घ्यावा. एच-१बी किंवा एल-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेचा संघीय कायदा बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर थोडा वेळ हातात धरलेली बंदूकही यातून सुटत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. धनुष्यबाण आणि हवेच्या दाबावर चालणारी रायफल संघीय कायद्याच्या लेखी ‘फायरआर्म’ ठरत नाहीत, त्यामुळे तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांनी तिरंदाजीचा विचार आधी करावा. तरी राज्याचे आणि विद्यापीठाचे नियम वेगळे असू शकतात. ऑफिसात आपली परिस्थिती मोकळेपणानं सांगावी आणि इमिग्रेशन वकिलाला एक फोन करावा. नोकरी आणि वास्तव्य पणाला लागेल अशी चूक इथं कुणाकडूनही होऊ नये.

अर्ज मंजूर झाला की राज्य पातळीवरची कार्यशाळा, बहुधा शनिवार-रविवारची. तिथं शिकवणारे राष्ट्रीय अभ्यासक्रमात तयार झालेले असतात. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवलेला माणूस इथं निर्धास्त येतो आणि पहिल्या तासाला बुचकळ्यात पडतो, कारण त्याचा नेम कसा आहे हे कुणी फारसं विचारतच नाही. सगळा भर मूल काय करतंय हे दिसण्यावर असतो.

सुरक्षिततेचे तीन नियम आधी पक्के करून घेतात: नळीचं तोंड सतत सुरक्षित दिशेला, अ‍ॅक्शन (गोळी भरायची यंत्रणा) उघडी, आणि नेम धरून तयार होईपर्यंत बोट चापाबाहेर. याला जोडून आणखी एक धोरण आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसावर रोखायचं कुठलंच साधन या कार्यक्रमात बसत नाही. पेंटबॉल नाही, लेझर टॅगसुद्धा नाही. माणसाच्या आकृतीची टार्गेटंही नाहीत.

मग डोळ्यांची तपासणी. दोन्ही हात पुढे ताणून पंज्यांमध्ये लहानशी त्रिकोणी खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून दूरची एक वस्तू बघायची आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. ते आपसूक ज्या डोळ्याकडे जातात तो प्रबळ डोळा. काही मुलं उजव्या हातानं लिहितात आणि त्यांचा डावा डोळा प्रबळ असतो. अशा मुलाला उजव्या खांद्यावर रायफल दिली की ते मान वाकडी करतं, एक डोळा मिटतं, दमतं, आणि आपल्याला हे जमत नाही असं ठरवून मोकळं होतं. प्रशिक्षकानं पहिल्याच दिवशी हे हेरलं आणि बाजू बदलून डाव्या खांद्यावर शिकवलं, तर तेच मूल थोड्या सरावानंतर स्थिरावतं. बाजू बदलायला मूल अगदीच तयार नसेल तर चष्म्याच्या प्रबळ डोळ्यासमोरच्या काचेवर धुरकट टेपचा तुकडा लावतात.

दुसरी युक्ती कोऱ्या टार्गेटची. नवख्या मुलासमोर गोल वर्तुळं ठेवली की ते गुण मोजायला लागतं, दर छर्‍यानंतर मान वर करून बघतं आणि स्थिती मोडते. म्हणून टार्गेट उलटं लावतात, पाठची कोरी बाजू पुढे. मुलानं मध्यावर नेम धरून पाच छर्रे मारायचे. भोकं कुठं पडली यापेक्षा ती एकमेकांजवळ आहेत का, हे बघायचं. जवळजवळ असली तर श्वास, चाप आणि पकड ठीक आहे, नेम पुढे साइट फिरवून सरकवता येतो. विखुरलेली असली तर साइटला हात लावायचा नाही. मुलाच्या चापावरच्या बोटाकडे बघायचं. गोळी सुटण्याच्या क्षणी चाप झटकला जातो का, डोळे मिटतात का? प्रशिक्षक टार्गेटकडे बघत राहिला तर यातलं काहीच त्याला दिसत नाही. म्हणून तो मुलाशेजारी उभा राहतो आणि शिकवताना स्वतः नेमबाजी करत नाही.

कार्यशाळेत प्रत्येकाला इतरांना एक धडा शिकवून दाखवावा लागतो. लांब भाषण देणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवतात. आधी मुलाला करू द्या, मग काय झालं ते विचारा, मग पुढे कुठं उपयोगी पडेल ते बोला, असा क्रम. रेंजचे हुकूमही तोंडपाठ करावे लागतात. तिरंदाजीत ते शिट्टीवर चालतात: दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे बाण सोडा, तीन म्हणजे बाण आणायला जा, पाच किंवा जास्त म्हणजे जिथं असाल तिथं थांबा. बंदुकीच्या रेंजवर ‘सीझ फायर’ कुणीही ओरडू शकतं, आठ वर्षांचं मूलसुद्धा. धोका दिसला की ओरडायचं, असं मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचं.

आणि हात धुणं. छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की डब्याला हात लावण्याआधी थंड पाणी आणि साबण. आपल्याकडची मुलं गाडीत बसताक्षणी खाऊ मागतात, तेव्हा हे प्रशिक्षकानं दारातच उभं राहून करून घ्यावं.

प्रमाणपत्र हाती आल्यावर पहिला हंगाम अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली काढावा. ऑफिसनं विचारलं नाही तरी आपण मागून घ्यावं. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला होणारी राष्ट्रीय स्पर्धा, संघनिवड वगैरे गोष्टी नंतरच्या. नोकरीमुळे राज्य बदललं तर नव्या राज्याच्या फोर-एच ऑफिसला जुनं प्रमाणपत्र पाठवून ते तिथं चालतं का ते विचारायचं. काही ठिकाणी थोडं उजळणी-प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि स्वयंसेवकाचा अर्ज व पार्श्वभूमी तपासणी पुन्हा करण्याची तयारी ठेवावी.