ज्ञापकत्व : रुग्णाचा गुण, वैद्याचे कर्तव्य

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकतो. पहिल्या तीन पादांविषयी आपल्या परिषदांतून पुष्कळ बोलले जाते. चौथ्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. चरकाचार्यांनी रोग्याचे चार गुण मानले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. आपल्याला काय होते, केव्हापासून होते, पूर्वी काय झाले होते, हे वैद्याला नीट सांगता येणे म्हणजे ज्ञापकत्व. सांगण्यासाठी आठवण लागते आणि न घाबरता सांगण्याचे धैर्यही लागते. म्हणजे चारांपैकी तीन गुण रुग्णाने आपला पूर्ववृत्तांत सांगण्याशी निगडित आहेत. रुग्णाच्या बोलण्याला शास्त्राने किती महत्त्व दिले आहे, हे यावरून ध्यानी यावे.

प्रत्यक्ष व्यवहारात काय दिसते? बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही वैद्याचा हा नित्याचा अनुभव असेल. रुग्ण खुर्चीवर बसतो, मनगट पुढे करतो आणि गप्प राहतो. 'नाडी पाहूनच सांगा,' अशी त्याची अपेक्षा असते. यात श्रद्धा असते, तशी थोडी परीक्षाही असते. ही समजूत रूढ होण्यास आपला व्यवसायही काही अंशी कारण आहे, कारण न विचारता सर्व काही ओळखणारा वैद्य मोठा, ही ख्याती आपल्यापैकी अनेकांना आवडते. वस्तुतः नाडीपरीक्षेचे वर्णन चरकसंहितेत नाही. ते पुढे शार्ङ्गधरसंहितेत येते. वाग्भटाचार्यांनी दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्नपरीक्षाही सांगितली आहे. निदानपंचकाचा विचार केला तरी हेतू, पूर्वरूप आणि उपशय ही तीन अंगे बहुतांशी रुग्णाच्या मुखातूनच कळतात. सहा महिन्यांपूर्वी त्याने काय खाल्ले आणि कोणत्या औषधाने त्याला बरे वाटले, हे नाडी कसे सांगणार?

रुग्ण माहिती देत नाही याची कारणे आमच्या मते मुख्यतः तीन आहेत. पहिले, आयुर्वेदीय औषध कशाहीबरोबर चालते हा समज. दुसरे, दुसऱ्या पॅथीचे औषध चालू आहे असे सांगितल्यास वैद्य रागावतील ही भीती. तिसरे, संकोच. सासू शेजारी बसलेली असताना सून पाळी चुकल्याचे सांगत नाही; मुलगी लग्नाची असेल तर तिच्या मिरगीचा उच्चार घरात कोणी करत नाही. 'काही नाही जी, साधी शक्तीची गोळी आहे,' या उत्तरामागे कधी रक्तदाबाची, तर कधी रक्त पातळ करणारी गोळी असते.

या मौनाची किंमत काय, हे दाखविणारे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके नियंत्रणाबाहेर गेले होते. ते शंखपुष्पीयुक्त औषधही घेत असल्याचे आढळले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत, हे औषध काही दिवस फेनिटॉइनबरोबर दिले असता फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण आणि परिणाम दोन्ही घटल्याचे दिसून आले. यात शंखपुष्पीचा दोष काढण्याचे कारण नाही. दोन औषधे एकाच शरीरात जात आहेत, हे ती देणाऱ्यास ठाऊक असणे आवश्यक होते.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन चालू असल्यास हे धोक्याचे ठरते. मिरी-पिंपळीतील पिपरिनमुळे फेनिटॉइन, थिओफायलिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास जळवा लावणे किंवा गर्भिणीस तीव्र विरेचन देणे यातील अनर्थ आपणांस सांगायला नको. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत. तेथील रुग्णास क्षार, लवणयुक्त चूर्ण किंवा रसौषधी देण्यापूर्वी क्रिएटिनिनची तपासणी झाली आहे काय, हे विचारलेच पाहिजे.

पूर्ववृत्तांत म्हणजे केवळ जुने आजार नव्हेत. आहारही त्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा प्रथम पाण्यावर संशय गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अधिक प्रमाणाकडे लक्ष वेधले. 'धान्य कोठून आणता?' हा साधा प्रश्न हेतूच्या शोधात किती दूरवर नेऊ शकतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत हक्कांबरोबर रुग्णांच्या जबाबदाऱ्याही नमूद आहेत. डॉक्टरांनी विचारल्यावर काहीही न लपवता आरोग्याची आवश्यक माहिती देणे ही त्यांपैकी एक. येथे 'विचारल्यावर' हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णाचे कर्तव्य आपल्या प्रश्नापासून सुरू होते. म्हणून वैद्यबंधू-भगिनींनी पुढील गोष्टी नित्यक्रमात आणाव्यात, असे आम्ही सुचवितो :

१) सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे व जुने कागद पिशवीत घालून आणण्यास सांगावे.
२) बीपी, शुगर, दमा, मिरगी, हृदयविकार, कावीळ, मुतखडा व शस्त्रक्रिया यांविषयी नाव घेऊन विचारावे. 'काही आजार आहे का?' असे मोघम विचारल्यास उत्तर 'नाही' असेच येते.
३) कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले किंवा त्रास झाला, ते केसपेपरवर ठळक लिहावे.
४) स्त्रीरुग्णास पाळी व गर्भधारणेविषयी एकांतात विचारावे.
५) दुसऱ्या पॅथीच्या औषधाबद्दल रागावू नये आणि ते परस्पर बंदही करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंचाही यात मोठा वाटा आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. त्यामुळे अनेक रुग्ण वैद्याकडे न येता थेट दुकानात येतात. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, पारद यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी. 'दुसरे कोणते औषध चालू आहे?' आणि 'घरात कोणी गरोदर आहे का, हे औषध कोणासाठी आहे?' एवढे विचारण्यास अर्धा मिनिट पुरते.

ज्ञापकत्व हा रुग्णाचा गुण खरा. पण तो उमलण्यासाठी समोर ऐकणारा लागतो. रुग्णाने मनगट पुढे केले की नाडी अवश्य पाहावी; मात्र बोटे नाडीवर असतानाच पहिला प्रश्न विचारावा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे.